हात न लावलेलं ताट

माझ्या हातून रोज अठ्ठावीस मुलं जेवतात. सदलग्याजवळच्या आमच्या गावात मी नऊ वर्षं अंगणवाडी चालवते. पोर वजनाच्या काट्यावर ठेवायच्या आधीच मला साधारण आकडा कळतो, आणि कुठलं पोर खरंच भुकेलं आहे नि कुठलं नुसतं हट्ट करतंय हेही कळतं. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं जे लिहिलं आहे ते दमलेल्या बाईचे भास म्हणून कुणीही सोडून देईल. मीही बरेच दिवस तसंच केलं. पण भूक ओळखण्यात माझी चूक होत नाही.

आमच्या घरी एक नेम आहे. माझ्या सासूबाई जयाबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, त्यांनी तो मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच सांगितला. दुपारी घरातल्या कुणीही जेवायच्या आधी एक वाटा बाजूला काढायचा. जो दारात येईल त्याचा तो. माणूस, गाय, कुत्रं, कावळा, कुणीही. वाटा काढला की घरात असतील त्यांनी त्याला हात लावायचा, नुसती बोटं टेकवायची. कुणी आजारी असेल तर त्याचा हात धरून भाताला लावायचा, त्याचं नाव घ्यायचं आणि द्यायचं. गेलेल्या माणसांचा वाटा अमावास्येला निघतो, त्याची रीत वेगळी. त्याला कुणी हात लावत नाही. पळीनं वाढायचं, नाव घ्यायचं, ठेवायचं आणि मागं न बघता आत यायचं.

दहा वर्षांत मी हा नेम चुकवला नव्हता. बाळंतपणातसुद्धा आत्ती वाटी माझ्या खाटेपाशी आणायच्या आणि माझा हात लावून न्यायच्या. मी काही फार शिकलेली नाही, पण सकाळी तुळशीला पाणी, एकशे आठ वेळा नाम आणि दुपारचा हा वाटा, या तीन खुंट्यांवर माझा दिवस टांगलेला असतो.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माझी लेक ऋतिका, सहा वर्षांची, पोटात दुखतंय म्हणून शाळेतून लवकर आली. फराळ जास्त झाला असेल म्हणून मी ओवा दिला. दोन दिवस मी ओवाच देत राहिले. गुरुवारी सकाळी ती गुडघे पोटाशी घेऊन पडली आणि पोटाला हात लावू देईना. निपाणीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अपेंडिक्स फुटलेलं दिसतंय, बेळगावला न्या, वाटेत थांबू नका. माझे यजमान सूरज चिकोडीच्या एका शाळेत क्लार्क आहेत. ते तिथून परस्पर हायवेवर येऊन अॅम्ब्युलन्समध्ये चढले. बेळगावच्या अलीकडच्या काकतीपर्यंत ऋतिका कण्हत होती. काकतीनंतर ती गप्प झाली. ते कण्हण्यापेक्षा वाईट होतं.

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. पोटात पू पसरला होता, तो धुऊन काढला. नाकातून एक नळी, कुशीतून एक नळी, हाताला सलाईन. आतडी पुन्हा हलायला लागेपर्यंत तोंडावाटे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मग तिला आयसीयूत नेलं, आणि आम्हाला काचेतून बघायला मिळालं.

मुलांचा वॉर्ड आणि आयसीयू तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर एक लांब सिमेंटचा कट्टा होता, त्यावर पेशंटची माणसं डबे सोडत. समोर खिडकी, खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. फिनेलचा वास, कुणाच्यातरी लसणाच्या चटणीचा वास, आणि खालून सतत येणारा लिफ्टच्या दाराचा आवाज. त्या कट्ट्यावर मी शुक्रवारी दुपारी बसले होते. बुधवारच्या रात्रीनंतर मी अन्न खाल्लं नव्हतं.

बेळगावातच शहापूरला माझी नणंद राहते, तिनं डबा दिला होता. सूरजनी तो माझ्यापुढं उघडला.

"दोन घास खा रचना. तू पडलीस तर मी कुणाकुणाला बघू?"

"वाटा न्हाय निघाला अजून."

"हितं कोण येणार वाटा न्यायला? कावळा लिफ्टनं येतोय व्हय?"

ते हसले नाहीत, मीही नाही. आम्ही दोघंही हसण्यापलीकडे दमलो होतो. त्यांना औषधाची चिठ्ठी घेऊन खाली जायचं होतं, ते गेले. मी डब्याचं झाकण पुढं घेतलं. आयसीयूच्या दारात दर वेळी हाताला ते जंतुनाशक चोळायला लावायचे, त्याचा कडवट वास माझ्या बोटांना बसला होता. तशा हातानं अन्नाला शिवू नये म्हणून मी चमच्यानं भात वाढला, त्यावर चमच्यानंच आमटी घातली. मनात म्हटलं, देवा, माझ्या लेकीच्या नावानं. मग बघितलं तर कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती.

वाळलेली, काळीसावळी, फिकट हिरव्या लुगड्यातली. हातात एकच पितळेची बांगडी, इतकी ढिली की हात वर केला की कोपरापर्यंत घसरायची. तिच्याजवळ डबा नव्हता, पिशवी नव्हती.

"आजी, घेता काय एवढं?" मी विचारलं.

"कुणाच्या नावानं?"

मला बरं वाटलं. आपल्याच रीतीचं माणूस भेटलं असं वाटलं. "लेकीच्या. ऋतिका तिचं नाव."

"आत हाय?"

"आत हाय."

तिनं झाकण दोन्ही हातांनी घेतलं आणि सावकाश जेवली. शीतही ठेवलं नाही. पदराला बोटं पुसून म्हणाली, "भरलं." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आईची सवय, पोराला किती वाजता काय दिलं ते ध्यानात ठेवायची. सव्वा वाजला होता.

मग मी जेवले.

शनिवारी ऋतिकाला वॉर्डात आणलं. खाट नंबर अकरा. तेरा नंबरला एक पोरगं होतं, तेही ऑपरेशनचं, ते दिवसभर पाणी पाणी करायचं. त्याची आई ओल्या कापसानं त्याचे ओठ टिपायची आणि स्वतः रडायची. ऋतिका पाणी मागत नव्हती. मी कापूस भिजवून तयार ठेवला होता, तो वाळला.

"लई शाणी पोरगी हाय तुझी," वॉर्डातली आया मालुबाई म्हणाली. गोल, ठेंगणी, सगळ्यांना दम देणारी बाई. मी खाटेपाशी डोळे मिटून नाम घेत असले की जाता जाता म्हणायची, "देवाला सांग, भेटायची येळ चार ते सहा हाय. आत्ता आला तर वाचमन सोडायचा न्हाय."

वॉर्डातल्या सिस्टर कन्नड. दुपारी दीडच्या सुमाराला त्या फेरीला यायच्या आणि प्रत्येक आईला विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का. बेळगावात हे नमस्कारासारखं विचारतात. शनिवारी त्यांनी मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी उशीवरून बारीक आवाज आला.

"आतरी."

झालं, म्हणून. सिस्टर हसल्या, नाकातली नळी नीट केली आणि पुढं गेल्या. शाळेत कन्नड शिकवतात, पोरीला येतं, मला कौतुकच वाटलं.

त्या दिवशीही मी कट्ट्यावर वाटा काढला होता, चमच्यानंच. म्हातारी होतीच. तिनं नाव विचारलं, मी घेतलं, ती जेवली. रविवारीही तसंच. त्या रविवारी नणंदेच्या आमटीत चिंच फार पडली होती. मी कट्ट्यावर जेवून, हात धुऊन वॉर्डात आले. ऋतिका डोळे मिटून पडली होती आणि तिचा जबडा हलत होता. झोपेत लहान पोरं करतात तसं, पण संथ. मग तिनं गिळलं आणि डोळे उघडले.

"आई, आज आमटी लई आंबट."

डबा वॉर्डात आला नव्हता. माझ्या हाताला, तोंडाला वास असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजारी पोरांचं नाक तिखट असतं, हे खरंच आहे. पण आंबट वासानं आंबट कळतं. जास्त झाली की नाही, हे जिभेलाच कळतं. एवढा विचार मी केला आणि सोडून दिला. नळीच्या पिशवीत किती उतरलं ते बघायचं होतं, चादर बदलायची होती, सलाईन संपत आलं होतं. दवाखान्यात माणूस एका गोष्टीचा विचार पुरा करत नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. आतडी बोलायला लागली, म्हणाले. नाकातली नळी काढली. घोट घोट पाणी, मग शहाळं, मग पातळ गंजी, म्हणजे भाताची पेज. सूरजनी गावी फोन लावला, आत्तींनी तिकडं देवापुढं साखर ठेवली. मी चमच्यानं पाणी तिच्या ओठाला लावलं.

तिनं तोंड फिरवलं. "नको. पोट भरलंय."

"अगं, पाच दिवस झालं, पोटात काय न्हाय तुझ्या."

"जेवलोय की मी," ती म्हणाली, आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं.

बुधवारी शहाळं तोंडात धरून ठेवलं आणि थोड्या वेळानं ते ओठाच्या कोपऱ्यातून खाली आलं. गुरुवारी गंजीचंही तेच. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. मी वर्षानुवर्षं न खाणारी पोरं बघितली आहेत. न खाणारं पोर ताटाकडे बघतं आणि मग मान फिरवतं. भरल्या पोटाचं पोर ताटाकडे बघतच नाही. ऋतिका बघत नव्हती.

माझ्या पर्समध्ये दंड मोजायची पट्टी असते. मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. हिरव्यावर आली तर ठीक, पिवळ्यावर जपायचं, तांबड्यावर धावायचं. सहा वर्षांच्या पोरीला ती लावत नाहीत, लहानांसाठी असते. तरी मी लावली. हिरव्याच्या कडेला होती. शुक्रवारी पुन्हा लावली, पिवळ्यावर गेली. एका दिवसात. मी पट्टी सोडली, पुन्हा लावली.

"काय मोजतीस गं?" सूरजनी विचारलं. तीन रात्री ते खाली गाड्यांच्या जागेत वर्तमानपत्रावर झोपले होते, डोळे तांबडे झाले होते.

"काय न्हाय."

"डॉक्टर म्हणालेत, रविवारपर्यंत तोंडानं गेलं न्हाय तर परत नाकातनं नळी घालायची. दुपारी दोनला. परत फोटो काढायचा पोटाचा. आत काय राहिलं असंल तर परत..." मला ते पुरं ऐकायचं नव्हतं.

त्या दुपारी मी कट्ट्यावर चमच्यानं वाढताना म्हातारीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती आता वाळलेली नव्हती. गालाची हाडं मांसाआड गेली होती. पितळेची बांगडी मनगटावर रुतून बसली होती.

"आजी, तुमचं कोण हाय आत?"

"हाय की," ती म्हणाली आणि जेवू लागली.

मी सूरजना विचारलं, ती म्हातारी कुणाची. ते म्हणाले, तेरा नंबरच्या पोराची आजी असेल. तेरा नंबरच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला वाटलं तुमच्याच घरातली हाय. तुमचंच जेवती की." मालुबाई म्हणाली, "ती व्हय? खालच्या मजल्यावर जळालेली बाई हाय, तिची सासू ती." सगळ्यांनी तिला बघितलं होतं. ज्याला त्याला ती दुसऱ्या कुणाचीतरी वाटत होती.

शनिवारी सकाळी मी आत्तींना फोन केला. पोरगी खाईना, एवढंच सांगणार होते. त्यांनी विचारलं, नेम चालू हाय न्हवं? मी म्हटलं, एक दिवस चुकला, ऑपरेशनच्या दिवशी; त्यानंतर रोज, तिच्याच नावानं.

"तिचा हात लावून देतीस न्हवं?"

मी जिन्याच्या कठड्याला टेकले होते. खालून लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं.

"रचना?"

"आयसीयूत हुती, आत्ती. सोडत नव्हते. हाताला औषध हुतं म्हणून मी चमच्यानं..."

"आणि वॉर्डात आणल्यावर?"

वॉर्डात आणल्यावर ती वीस पावलांवर होती. पण पहिल्या दिवशी जसं केलं तसंच मी रोज करत गेले. एक हात सलाईनचा, एक बाजू नळीची, पोर झोपलेलं, उठवायचं कशाला, असं मी म्हणत राहिले. दमलेलं माणूस सोपं पडेल ते करतं, आणि त्यालाच नेम म्हणतं.

"हात न लावता, नाव घिऊन," आत्ती हळू म्हणाल्या. "किती दिस?"

"आठ. आज नववा."

मग त्या म्हणाल्या, "असं कुणी केल्यालं मला ठाव न्हाय गं पोरी. काय सांगू मी तुला. आज देऊ नगंस. उद्या तिचा हात लावून दे."

शनिवारी मी वाटा काढला नाही. जेवलेही नाही. सव्वा वाजता ऋतिका कळवळून उठली, पोट धरून, "भूक, भूक" म्हणत. मी धावत गंजी आणली. चमचा ओठाला लागला आणि तिचं तोंड मिटलं. दात इतके घट्ट की चमचा वाजला. भूक होती, तोंड उघडत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालुबाईनं गाल दाबून बघितलं, सिस्टरनी बघितलं. अर्धा तास. मग ती दमून झोपली. मी पट्टी लावली नाही.

रविवारी एक वाजता डबा आला. सूरज डॉक्टरांच्या खोलीबाहेर थांबले होते. दोनला नळी घालायची ठरलं होतं. मी झाकणात भात घेतला, हातानं. ऋतिकाच्या खाटेपाशी नेला. तिचा सुईचा हात उचलला. इतका हलका हात मी अंगणवाडीतही कधी धरला नाही. एकेक बोट भाताला टेकवलं. भात गरम होता, तरी तिनं हात मागं घेतला नाही.

ते झाकण घेऊन मी कट्ट्याकडे गेले.

ती बसलेली होती. मी झाकण पुढं केलं. तिनं हात पुढं केला नाही. वाकून बघितलंही नाही.

"ह्याला हात लागलाय," ती म्हणाली.

"व्हय. लेकीचाच हाय."

"म्हंजे जितीचं."

"जितीच हाय ती."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. वॉर्डातली कुठलीही बाई दुसरीकडे बघते तसं, दमून.

"मग इतकं दिस मला कुणाचं घातलंस, बाई?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. "दिलं ते दिलं. आता तिला सोडा."

"मी कुठं धरलंय? तू वाढतीस. तू नाव घेतीस. मी काय मागाय आलतो तुझ्या दारात?" तिनं पदर सारखा केला. "काल दिलं न्हाईस. काल कसं झालं तुझ्या पोरीला, बघितलंस न्हवं. मला बी तसंच झालं."

कट्ट्यावर आणखी तीन माणसं जेवत होती. एकजण भाकरी मोडता मोडता फोनवर कुणाला तरी ऊसतोडीची तारीख सांगत होता. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं.

"मला बी आता नेम लागलाय," म्हातारी म्हणाली. "सव्वा वाजला की बसाय लागतंय. नेम कसा असतोय, तुला मी काय सांगू."

घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी हात लावलेला भात खिडकीत ठेवला, कावळ्याला.

आयसीयूच्या दाराशी गेले. हाताला जंतुनाशक चोळलं. कोपरापर्यंत.

परत आले. डब्याचं दुसरं झाकण घेतलं. चमच्यानं भात वाढला. चमच्यानं आमटी घातली. एक शीतही बोटाला लागू दिलं नाही.

"कुणाच्या नावानं?" तिनं विचारलं.

"रचनाच्या."

"माहेरचं नाव का सासरचं?"

"दोन्ही एकच."

तिनं झाकण दोन्ही हातांनी घेतलं.

पहिला घास तिनं तोंडात घातला, आणि माझ्या तोंडात मीठ आलं. मग तांदूळ. मग नणंदेच्या फोडणीतलं जिरं. मी ओठ मिटून उभी होते. शेवटी ती "भरलं" म्हणाली. माझं पोट गच्च झालं होतं. दोन दिवसांत मी फक्त चहा घेतला होता.

वॉर्डाच्या दारातच मालुबाईचा आवाज आला. "अगं हळू, हळू. वाटी बी खाशील."

ऋतिका उठून बसली होती. गंजीची वाटी तिनं दोन्ही हातांत धरली होती, सलाईनची नळी ताणली गेली होती. हनुवटीवरून गंजी ओघळत होती. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "आणि पायजे."

सूरज खाटेच्या लोखंडाला धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. दीड वाजता सिस्टर आल्या. त्यांनी मला विचारलं, "ऊटा आतेन्री?"

"आतरी," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी आम्हाला घरी सोडलं. तोवर रोज दुपारी मी कट्ट्यावर जात होते. शेवटच्या दिवशी म्हातारीनं मला कधी जाणार म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. झाकण घासून डबा बांधला. खाली रिक्षात बसताना मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, सुटलो.

ऋतिकाची जखम आता कोरडी आहे, पांढरी रेघ राहिली आहे. शाळेत जाते. पट्टी लावायची गरज नाही, नुसत्या डोळ्यांनी कळतं, गाल आले आहेत. आत्ती तिला कडेवर घ्यायला बघतात आणि उचलत नाही म्हणून हसतात.

मला भूक लागत नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. दुपारी सव्वा वाजता पोट भरतं. अंगणवाडीत मी मुलांना वाढत असते, अठ्ठावीस ताटं, आणि मधेच माझ्या तोंडात चव येते. कधी वांग्याची, कधी हुलग्याची. घरी बसून मी बळं घास तोंडात घेते, तो आत जात नाही. गावातल्या बायका म्हणतात, रचनानं पोरीसाठी लई कडक उपास धरला. गरोदर बायांसाठी आमच्याकडे मोठा काटा आहे, त्यावर मी दिवाळीआधी चोपन्न किलो होते. आता सेहेचाळीस.

एक गोष्ट मला कळत नव्हती. दवाखाना सुटला, तो कट्टा सुटला. घरचा वाटा मी सगळ्यांचा हात लावूनच काढते, आता आत्ती समोर उभ्या असतात. माझ्या नावाचं हात न लावलेलं कुणी वाढतच नव्हतं. मग रोज पोट कशानं भरत होतं?

गेल्या रविवारी मी घरी होते. सूरज आणि आत्ती पुढच्या सोप्यात जेवायला बसायच्या तयारीत होते. मी पाण्याचा तांब्या आणायला स्वयंपाकघरात गेले. मागच्या परड्याचं दार उघडं होतं. ऋतिका उंबऱ्यात उकिडवी बसली होती, पाठ माझ्याकडे. तिच्यापुढं तिच्या शाळेच्या डब्याचं झाकण होतं. तिनं पळी दांड्याच्या अगदी टोकाला धरली होती, दोन्ही हातांनी, जड होत असल्यासारखी. भात घातला. मग वाकून पातेल्यातून आमटी घेतली आणि भातावर सोडली. एक थेंब सांडला नाही. पळीच्या टोकानंच झाकण पुढं ढकललं, बाहेरच्या पायरीवर.

मग तिनं माझं नाव घेतलं. आई नव्हे. रचना.

आणि मागं न बघता उठली. मला बघून दचकली नाही.

"कुणी शिकवलं गं तुला?" मी विचारलं.

"हात लावायचा न्हाय, आई," ती म्हणाली. शाळेत शिकलेलं सांगावं तसं. "हात लागला की घेत न्हाय ती."

पायरी माझ्यापासून चार हातांवर होती. मला फक्त मान वळवायची होती. भाताची वाफ येत होती, तेवढी कळली. मी परड्याचं दार लोटून घेतलं.

ऋतिका माझा हात धरून सोप्यात आली, पाटावर बसली. दोन भाकऱ्या तिनं भराभर खाल्ल्या, वाटीतली भाजी बोटानं निपटून घेतली. सूरज तिच्याकडे बघत होते, कितीही बघितलं तरी त्यांचं मन भरत नाही. मग तिनं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "आणि वाढ."

मी वाढलं. माझं पोट तोवर भरत आलं होतं.